बोकडाची हरकत

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो फुईच्या प्रवचनाने. फुई म्हणजे आबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून ती आमच्याकडेच. तिला अक्षर एक येत नव्हतं, पण रविवारी देवळात जे काही ऐकलं असेल ते सोमवारी पहाटे जात्यावर जसंच्या तसं बाहेर यायचं. जसंच्या तसं म्हणजे तिच्या मते. ज्वारी-उडदाचं कळण दळता दळता ती अब्राहामाला शेळ्या हाकायला लावायची, मोशेला पांझरा नदी पार करायला लावायची आणि मधेच मला ओरडायची, की उठ गं, चूल पेटव. मी गोधडीत तोंड खुपसून ऐकत पडायची. अजूनही मला खरा मोशे कुठला आणि फुईचा कुठला हे चटकन सांगता येत नाही. नातू विचारतो तेव्हा मी फुईचाच सांगते, तो जास्त रंगतो.

आम्ही धुळ्याला मिशनच्या आवारात राहायचो. आबा दवाखान्याची दमणी हाकायचे. बैल मिशनचे, पण आपण मिशनचे आहोत हे आबांनी त्यांना कधी समजू दिलं नाही, घरच्यासारखं जपलं. माय दवाखान्याची धुणी धुवायची. आवाराच्या मागच्या अंगाला आम्हां भिल्लांची सात-आठ घरं होती, सगळी साक्रीकडच्या डोंगराळ भागातून आलेली. घरात आमची भिली बोली, बाजारात अहिराणी आणि देवळात पुस्तकातली मराठी. फुई तेवढी तिन्हीकडे अहिराणीच बोलायची. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. तिन्ही ठिकाणी जीभ बदलायची म्हणजे सोपं काम नव्हे. मी एकदा देवळात प्रार्थनेत 'बठ्ठासले आशीर्वाद दे', म्हणजे सगळ्यांना दे, असं म्हणाले होते, तर पुढच्या चटईवरच्या बायकांनी माना वळवून पाहिलं. देवाला अहिराणी कळत नसावी असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. जेवायला कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि हिवाळ्यात भरीत. वांगी काडीकचऱ्याच्या जाळावर भाजली की धूर आवारभर जायचा. मग पाळकसाहेबांच्या बंगल्याची खिडकी धाडकन लागायची. थोड्या वेळाने त्यांच्या घरची मोलकरीण मागच्या दाराने वाडगा घेऊन यायची. भरीत साहेबांना फार आवडायचं, धूर तेवढा आवडायचा नाही.

पाळकसाहेब नगरकडचे. पायात काळे पंपशू, हातात छत्री, ऊन असो नसो. माणूस दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. आजारपणात घरी यायचे, प्रार्थना करायचे, आमच्या आंधळ्या म्हातारीला स्वतः हाताला धरून देवळात न्यायचे. पण त्यांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक म्हणजे शास्त्र. शास्त्रातलं कुणी वेडंवाकडं बोललं की ते जेवण टाकून दुरुस्त करायचे. दुसरी म्हणजे बंगल्याच्या कौलांवर चढवलेला भोपळ्याचा वेल. दरवर्षी कापणीच्या सणाला त्यातला सगळ्यात मोठा भोपळा ते स्वतः उचलून वेदीपुढे ठेवायचे आणि मग मागे सरून त्याच्याकडे बघत उभे राहायचे.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा जळगावचा, शाळेत मास्तर, घर मेहरूणला. दोन पिढ्यांचे ख्रिस्ती, शिकलेलं घराणं. मिशनच्या जत्रेत त्याने मला पेटीवर गाणं म्हणताना पाहिलं आणि घरी जाऊन हट्टच धरला. मीही त्याला पाहिलं होतं. कान जरा मोठे होते, पण हसला की कानांकडे लक्ष जायचं नाही. त्याच्या वडिलांना सगळे नाना म्हणायचे. नाना तयार झाले, पण त्यांच्या घरातल्या काही बायका कुरकुरत होत्या, की भिल्लाची पोर कशाला, आपल्यातल्या काय संपल्या. आमच्यात लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार देवळात वधूवरांची नावं पुकारतात आणि कुणाची हरकत आहे का विचारतात. तीन पुकार पुऱ्या झाल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि तिसऱ्या रविवारनंतरच्या बुधवारी उपवासकाळ लागत होता, म्हणजे ईस्टर उलटेपर्यंत कुणाचंच लग्न नाही. म्हणून मंगळवार धरला होता. एक पुकार चुकली तर लग्न दोन महिने लांबणार, आणि दोन महिन्यांत त्या कुरकुरणाऱ्या बायका गप्प बसल्या असत्या होय? मला तो मास्तर हवा होता. आता हे सांगायला लाज कसली, तो गेला त्यालाही बरीच वर्षं झाली.

पहिली पुकार नीट झाली. दुसऱ्या रविवारी पाळकसाहेब खुशीत होते. त्यांनी आमची नावं वाचली, हरकत विचारली, आणि मग पुस्तक मिटून स्वतःच्या पदरचे चार शब्द बोलावेत असं त्यांच्या मनात आलं. म्हणाले, "पाहा, प्रभूची कृपा किती अगाध. भिलटाच्या झोपडीतली भिलटी आज मास्तराच्या घरात सून म्हणून जाते आहे."

भिल्ल म्हणजे आम्ही. भिलटं म्हणजे काय ते ज्याला ऐकावं लागलंय त्यालाच माहीत. बाजारात ढकलून देताना म्हणतात, काही हरवलं की झडती घेताना म्हणतात. आणि पाळकसाहेबांनी ते वाईट वाटावं म्हणून म्हटलंच नव्हतं, हे तर आणखीच वाईट. त्यांना वाटत होतं, आपण कौतुक केलं. पुढच्या चटयांवरची माणसं कौतुकाने हसली. दोघींनी वळून माझ्याकडे पाहून मानाही डोलावल्या. माझे कान तापले. आबा पुरुषांच्या बाजूला बसले होते, ते आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. फुई एक शब्द बोलली नाही. फुई गप्प बसली की आमच्या घरात भांडीसुद्धा जपून ठेवायचे.

घरी आल्यावर मायने थापलेल्या भाकरी इतक्या जाड झाल्या, की मधे कच्च्या राहिल्या. कुणी तक्रार केली नाही. आबांचं म्हणणं, बोलला ते बोलला, पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू. लग्न लावणारा तोच, पुकारणारा तोच, आणि नोकरीसुद्धा मिशनची. मला आबांचं पटत होतं आणि त्यांचा रागही येत होता. फुईने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "माले भिलीन म्हन ना, मी भिलीनच शे. पन त्यानी जे सांगं ते नाव नही, ते थुकनं शे." आबा म्हणाले, अक्का, तू काही करू नको. फुई म्हणाली, मी कसाले काही करू, जे करायचं ते शास्त्रातच सांगेल शे. हे ऐकून आबा जास्तच घाबरले.

त्याचं असं होतं, की महिन्याभरापूर्वी आवारातल्या दोन घरांत कोंबडीवरून भांडण झालं होतं आणि पाळकसाहेबांनी समेटावर मोठं प्रवचन दिलं होतं. भावाभावांत वाकडं असेल तर देवाला देणं देऊ नये, देणं वेदीपुढे तसंच ठेवावं, आधी जाऊन समेट करावा, मग यावं. फुईने ते जात्यावर आठवडाभर दळलं होतं. आता पुढचा रविवार नेमका कापणीच्या सणाचा. त्या दिवशी प्रत्येक घर शेताघरातलं काही ना काही वेदीपुढे आणून ठेवतं. शनिवारी फुई डोक्यावर पदर घेऊन आमच्या सगळ्या घरांतून फिरून आली. काय बोलली ते आम्हांला सांगितलं नाही. संध्याकाळी तिने आमचा बोकड धुतला. माझं लग्न ठरलं तेव्हा आबांनीच तो देवाला बोलला होता. चांगला काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका आणि स्वभावाने अत्यंत हावरट.

रविवारी देऊळ ज्वारीच्या कणसांनी आणि झेंडूने सजवलेलं. जळगावहून नाना, मास्तर आणि कुरकुरणाऱ्या बायकांपैकी दोघी खास तिसरी पुकार ऐकायला आल्या होत्या. नानांनी केळीचा अख्खा घड आणला होता. मला त्या दोघींच्या मधे बसवलं. दोघींनी माझा हात उलटापालटा करून पाहिला, पावडर लावून रंग लपवलाय का ते बघत असाव्यात. देणगीची वेळ झाली. पाळकसाहेबांनी आधी आपला भोपळा ठेवला आणि मागे सरून बघितला. मग नानांचा घड, कुणाच्या शेंगा, कुणाचा कापूस. मग आमची माणसं उठली. वांगी ठेवली, आंबाडी ठेवली, पाय बांधलेल्या कोंबड्या ठेवल्या. शेवटी फुई बोकड घेऊन आली. तो वेदीच्या पायाला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि पाळकसाहेबांकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमनं देनं अठे ठेयेल शे. तुमना मनमा आमनाबद्दल जे शे ते पयले मिटाडा. तवलोंग आम्ही बाहेर बठतस."

आणि चालायला लागली. तिच्या मागे आमची सगळी घरं उठली. पायातलं काही सापडेना म्हणून कुणी खोळंबलं नाही. आंधळ्या म्हातारीला या वेळी मायने हाताला धरलं. ढोलकी वाजवणारा आमच्यातलाच, तो ढोलकी बगलेत मारून गेला. आबा उठले, बसले, पुन्हा उठले आणि गेले. राहिले मी. दोन्ही बाजूंना जळगावच्या बायका, समोर मास्तर मान वळवून माझ्याकडे बघतोय, आणि पाचच मिनिटांत माझं नाव पुकारलं जाणार. मला वाटलं, बसून राहावं, मंगळवारपर्यंत बसून राहावं. मग आठवलं, की तो शब्द तर माझ्यावरच बोलला होता. मी उठले. त्या दोघींपैकी एकीच्या, मास्तरच्या मावशीच्या, पदरावर पाय पडला आणि ती हायहाय करत राहिली. मी बाहेर येऊन चिंचेखाली फुईशेजारी गेले. फुईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसती जरा सरकून जागा दिली.

आत जे झालं ते आम्ही ऐकलं, आणि जे ऐकू आलं नाही ते मला पुढे मास्तरने आयुष्यभर सांगितलं. ढोलकी नाही म्हणून गाणं एका बाजूला आणि माणसं दुसऱ्या बाजूला. बोकडाने आधी झेंडू खाल्ला, मग कणसं, मग वेदीच्या पांढऱ्या कापडाचं टोक तोंडात धरून तो ते हळूहळू ओढायला लागला. हुसकायचं कुणी? देवाला दिलेलं जनावर, आणि देणाऱ्यांनी हात वर करून ठेवलेले. पाळकसाहेब एका हाताने कापड धरून उपदेश करत होते. शेवटी पुकार आली. त्यांनी आमची नावं वाचली आणि विचारलं, या लग्नाला कुणाची काही हरकत असेल तर त्याने आत्ताच बोलावं. बोकड बोलला. चांगला लांबलचक बोलला. आधी लहान पोरं हसली, मग सगळं देऊळ. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि जाहीर केलं, की वधू गैरहजर, देवळात गोंधळ, ही पुकार पुरी झाली असं धरता येणार नाही.

ते शब्द आम्हांला बाहेर स्पष्ट ऐकू आले. आबांनी कपाळावर हात मारून घेतला. मला रडू फुटलं, ते मास्तरसाठी होतं की रागाचं होतं, कोण जाणे. तेवढ्यात पाळकसाहेब तावातावाने बाहेर आले. छत्री आतच राहिली होती, डोक्यावर माघातलं ऊन. मागून सगळी मंडळी तमाशा बघायला. मला वाटलं, आता आवारातून घालवतात. पण साहेबांचा राग भलत्याच गोष्टीवर होता. ते फुईपुढे उभे राहून म्हणाले, "बाई, शास्त्र तुम्ही उलटं केलंत. ज्याने दुसऱ्याला दुखावलं, त्याने आपलं देणं ठेवून समेटाला जायचं असतं. ज्याला दुखावलं त्याने नव्हे. अर्थ तरी समजून घ्यायचा."

एवढं बोलून त्यांनी नेहमीसारखं बोट वर केलं, आणि बोट तिथेच राहिलं. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. फुई गुडघ्यावर हात देऊन उठली. "मंग आम्ही चुकनूत," ती म्हणाली. "आम्ही मझार जातस. तुम्ही बठा बाहेर."

आणि खरंच आत निघाली. तिच्यामागे आम्ही सगळे, जसे बाहेर आलो तसेच, ढोलकीसकट. आत आपापल्या चटईवर जाऊन बसलो. उपासना तर संपली होती, पण आम्ही बसलो म्हटल्यावर बाकीचेही कुतूहलाने येऊन बसले. नाना सगळ्यांत पुढे बसले, त्यांना फार मजा येत होती. पाळकसाहेब एकटेच चिंचेखाली. दारातून दिसत होते. जरा वेळाने पाळकीणबाई उठल्या. बुटकी, मऊ बाई, कधी कुणापुढे आवाज न चढवणारी. त्या दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमचा भोपळा केव्हाचा वेदीपुढे ठेवलेला आहे. आता आत येऊन काय ते मिटवा. ऊन लागेल."

ते आले. वेदीकडे गेले नाहीत, बायकांच्या चटईपाशी आले. बोलायला लागले ते प्रवचनासारखं, मानवी जीभ, तिची दुर्बलता वगैरे. फुईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग त्यांनी घसा साफ केला. म्हणाले, "मी गेल्या रविवारी एक शब्द वापरला. तो वाईट शब्द आहे. मी तो कौतुकाने वापरला, म्हणजे मला तो वाईट आहे हेसुद्धा वाटलं नव्हतं. मार्थाबाईंची आणि या सगळ्या घरांची मी क्षमा मागतो." मार्थाबाई! मला तोवर कुणी बाई म्हटलं नव्हतं. डोळे पुसायला पदर घेतला तर जळगावच्या मावशीचाच हातात आला, आणि तिने तो ओढूनसुद्धा घेतला नाही.

मग पुकार पुन्हा घ्यायची ठरली. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं, मास्तरचं नाव, नानांचं नाव, गाव वाचलं. माझं नाव आलं आणि ते थांबले. वधू कोणाकडची, कुठल्या समाजाची हे त्या काळी पुकारताना सांगत. त्यांनी वर पाहिलं आणि आबांना हळूच विचारलं, "काय म्हणू?"

मी आबांकडे बघितलं. जन्मभर ज्यांनी साहेबांपुढे 'जी' पलीकडे शब्द काढला नव्हता ते आबा उठून उभे राहिले. हात बैलांच्या दोराने घट्टे पडलेले, ते कुठे ठेवावे कळेना म्हणून त्यांनी मागे बांधले. "भिल्ल म्हणा," ते म्हणाले. "नीट म्हणा."

साहेबांनी नीट म्हटलं. मग हरकत विचारली. सगळं देऊळ वळून बोकडाकडे बघायला लागलं. पण त्याला बोलायला सवड नव्हती. आम्ही बाहेर-आत करत होतो तेवढ्यात त्याने दोर ताणून पाळकसाहेबांचा भोपळा गाठला होता आणि चांगला हातभर पोखरला होता. साहेबांनी ते पाहिलं, डोळे मिटले, आणि हरकत नाही असं जाहीर केलं.

फुईने मात्र मरेपर्यंत स्वतःची चूक कबूल केली नाही. चिंचेखाली चुकलो म्हणाली ते साहेबांचं मन राखायला, असं तिचं म्हणणं. शास्त्र मी सांगं तसंच शे, त्यानंच उलटं वाचेल व्हतं. आम्ही वाद घातला नाही, कारण तिच्याशी वाद घालून त्या आवारात एकच माणूस जिंकला होता आणि त्याचं काय झालं ते आम्ही पाहिलं होतं.

मंगळवारी लग्न लागलं. देऊळ पुन्हा भरलं, ढोलकी वाजली, मास्तरचे कान खिडकीतल्या उन्हात लाल दिसत होते. पाळकसाहेबांनी नावं घ्यायला सुरुवात केली. माझ्या नावापाशी येऊन त्यांनी श्वास घेतला आणि आबांकडे बघितलं. त्यांनी विचारायच्या आतच आबा, हात न बांधता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भिल्ल."